बुडणाऱ्या बगीच्यातला तिसरा अंक

आमच्या सासऱ्यांचा तिसरा अंक वीसेक वर्षं राहून गेला होता आणि त्याचा ताप मला होता.

हे आधी नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई भलतंच काही बोलून राहिली. आमच्या झाडीपट्टीत, या जंगलाच्या मुलखात, धान कापून झालं की गावोगावी नाटकं होतात. साधीसुधी नाहीत, तीन अंकी. पडदा, पेटी, तबला, रडारड, सगळं असतं. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. तर आमच्या मामाजींनी तरुणपणापासून एकाच नाटकात एकच काम केलं, दुष्ट जमीनदाराचं. पुढे ते शहरात लाकडाच्या डेपोत नोकरीला लागले, तर नाटकही सोबत घेऊन आले. डेपोच्या मागे नदीकाठी मोकळी जागा होती, तिथे दरवर्षी मोहल्ल्याचं नाटक व्हायचं. शेवटच्या वर्षी दोन अंक झाले आणि अवकाळी पाऊस कोसळला. मंडप खाली, लोक घरी. जमीनदाराची खरी एंट्री तिसऱ्या अंकात होती. मामाजी मिशा चिकटवून, फेटा बांधून पडद्यामागे तयार उभे होते, ते तसेच भिजत घरी आले. पुढच्या वर्षी डेपोच बंद झाला, फाटकाला कुलूप लागलं आणि आमचा जमीनदार दुसऱ्या अंकात अडकून पडला.

अडकलेला माणूस घरच्यांना सोडत नाही. रोज सकाळी न्हाणीघरात पहिला तांब्या अंगावर पडला की तिसरा अंक सुरू. "कोणाच्या परवानगीनं उंबरठा ओलांडला?" दुसरा तांब्या. "या घरात शब्द चालतो तो माझा!" मग साबण लावताना सगळ्यात मोठं वाक्य, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं, "चालती हो माझ्या घरातून!"

हे वाक्य जमीनदार त्याच्या सुनेला म्हणतो. घरातली सून मी. म्हणजे रोज सकाळी पोळ्या लाटता लाटता मला घरातून हाकलण्यात येत असे, आणि वर तीच पोळी गरम का नाही म्हणून विचारण्यात येत असे.

यात एक मेख होती. हे वाक्य मामाजींनी मला एकदा बिनामिशांचंही म्हटलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला शिक्षिकेची नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली थेट भामरागडकडे. मामाजी म्हणाले, सून इतक्या दूर एकटी राहणार नाही. मी म्हटलं, राहणार. तेव्हा त्यांनी ओसरीवर उभं राहून, नाटकात करतात तसाच हात लांब करून ते वाक्य टाकलं. मला असा राग आला म्हणता! पेटी उचलली आणि चालती झाले. मग पावसाळा लागला, पूल पाण्याखाली गेला, रस्ता बंद. परत यायचं मनात आलं असतं तरी येता आलं नसतं. दिवाळीला आले तेव्हा मामाजींनी दारात पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "बस लवकर भेटली का?" बस्स, इतकंच. त्या वाक्याबद्दल पुन्हा कधी ते बोलले नाहीत, मीही नाही. पुढे बदली होऊन मी घरी आले. न्हाणीघरातलं तेवढं रोज ऐकत राहिले.

तर तो डेपो. कुलूप लागल्यावर तिथे बेशरमाची झुडपं माणसाच्या वर गेली. साऱ्या शहराची मोडक्या खाटा, फुटकी संडासाची भांडी, लग्नातल्या पत्रावळी, सगळं तिथे यायचं. आणि डुकरं! त्यांचा तर खानदानी वाडा झाला तो. नदी आम्हाला दिसायचीच बंद झाली. पावसाळ्यात मात्र ती स्वतः भेटायला यायची. वरच्या धरणाची दारं उघडली की पाणी डेपोच्या भिंतीवर आपटायचं, भिंतीला वळसा घालायचं आणि सरळ आमच्या गल्लीत. मग गॅसची टाकी माळ्यावर आणि पोट्टे शाळेच्या व्हरांड्यात.

एका वर्षी पालिकेनं मनावर घेतलं की इथे बगीचा करायचा. नकाशा घेऊन एक पोरगी आली. पायात गमबूट, केस आखूड, बोलणं पुण्याकडचं. मोहल्ल्यातल्या बुद्धविहाराच्या आवारात सभा भरली. पोरीनं नकाशा भिंतीला लावला आणि पहिलंच वाक्य असं बोलली की माझ्या हातातला चहा सांडला.

"हा बगीचा पावसाळ्यात बुडेल. बुडावा म्हणूनच आपण तो तसा करतोय."

तशी आमची शेजारीण उठली. ही बाई गल्लीच्या सखल टोकाला राहते, पूर आधी तिच्याकडे चहा घेतो आणि मग आमच्याकडे येतो. ती म्हणाली, "बाई, बुडवाले आमाले बगीचा कायले पाह्यजे? आमचं सैपाकघर हाय ना!"

असा हशा पिकला की विहाराच्या पिंपळावरचे बगळे उडाले. पोरगीही हसली, रागावली नाही, म्हणून मला ती तिथेच आवडली. तिनं सांगितलं, भिंत बांधली की पाणी भिंतीला वळसा घालतं, ते तुम्ही पाहिलंच आहे. त्याला पसरून बसायला जागा दिली तर ते तिथे बसेल. सगळ्यात वर चालायचा रस्ता, दिवे आणि झोपाळे. मधल्या टप्प्यावर जांभूळ, करंज, अर्जुन, पाण्यात उभं राहिलं तरी न मरणारी झाडं. काठाला जाळीत भरलेले दगड आणि वाळ्याचं गवत, म्हणजे माती वाहून जाणार नाही. आणि सगळ्यात खाली दगडी पायऱ्या, आणि डेपोचा तो जुना ओटा, ज्यावरून लाकडं ट्रकात चढवायचे, तो तसाच ठेवायचा. पूर आला की खालचं सगळं पाण्यात. पूर उतरला की धुवायचं आणि पुन्हा येऊन बसायचं.

"धुईन कोन?" शेजारणीनं विचारलं.

"आपण सगळे," पोरगी म्हणाली.

आपण सगळे म्हणजे कोणीच नाही, हे विहारात सतरंजीवर लोळणाऱ्या पोट्ट्यांनाही माहीत होतं. पण पाहुणी पोरगी, कशाला तिचं मन मोडा, म्हणून आम्ही माना हलवल्या.

मामाजी मागे भिंतीला टेकून बसले होते, कानात ऐकण्याची मशीन घालून. ते काठी टेकत उठले. "पोरी, त्या पायऱ्याइचं तोंड कोन्या बाजूनं?"

"ओट्याकडे, आजोबा. ओट्याच्या मागे नदी."

मामाजी बसले. पण त्यांचा हात नसलेल्या मिशीला पीळ देऊन राहिला होता. मी ओळखलं, आता आपलं काही खरं नाही.

कारण आमच्याकडे नाटकासाठी वावर उतरतं खणतात. मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसलं पाहिजे म्हणून. खणलेली माती पुढे रचली की झाला रंगमंच. पोरीनं पुरासाठी जे काढलं होतं ते मामाजींच्या डोळ्यांना सरळसरळ नाटकाचं मैदान दिसत होतं. घरी येता येता ते म्हणाले, "मराच्या आंधी तिसरा अंक करून टाकतो. मंग खुशाल जाळा मले."

"आधी बगीचा तर होऊ द्या," मी म्हटलं. "अन् जाळायची काय घाई हाय, रॉकेल भेटत नाई आजकाल."

बगीचा होता होता बरीच गंमत झाली. आमच्या वॉर्डाच्या पुढाऱ्यांना खालच्या ओट्यावर सिमेंटचा वाघ पाहिजे होता, तोंडातून कारंजं उडणारा. आमच्या जिल्ह्यात दोन गोष्टींना तोटा नाही, एक धूळ आणि दुसरे वाघाचे पुतळे. पोरीनं परोपरीनं सांगितलं की तिथे पाणी येणार. पुढारी ऐकेनात. वाघ ओट्यावर बसला म्हणजे जमीनदार कुठे उभा राहणार? मामाजी काठी टेकत पुढाऱ्यांकडे गेले आणि अगदी नरम आवाजात म्हणाले, "भाऊ, बसवा वाघ. फक्त एक हाय. पूर आला का नाकापावतर पान्यात जाईन. पेपरवाले फोटो काढतीन आन् खाली लिहितीन, अमक्या भाऊचा वाघ बुडाला." दुसऱ्या दिवशी वाघ वर फाटकाजवळ गेला. तो आजही तिथे आहे. करणाऱ्यानं त्याला असं तोंड दिलंय की पोट्टे त्याला बोका म्हणतात.

मामाजी रोज कामावर जाऊन बसायचे. वरच्या पायरीवर आवाज कसा येतो ते पाहायला एकदा खालून ओरडले, "कोणाच्या परवानगीनं उंबरठा ओलांडला?" ठेकेदाराचा नवा माणूस डबा तिथेच टाकून पळाला. त्याला वाटलं जागेचा खरा मालक आला. ती पुण्याची पोरगी पोट धरून हसली, आणि मग वरच्या पायरीवर बसून म्हणाली, "आजोबा, पुन्हा एकदा म्हणा, इथे नीट ऐकू येतंय का बघते." झालं! त्या दिवसापासून ही पोरगी म्हणजे मामाजींची लाडकी.

झाडं लावून झाली, पायऱ्या झाल्या, आणि पुढच्याच पावसाळ्यात धरणाची दारं उघडली.

सगळा मोहल्ला वरच्या रस्त्यावर उभा राहून पाहत होता. पाणी ओट्यावर चढलं, एकेक पायरी खात वर आलं. अर्जुनाची रोपं कमरेपर्यंत बुडाली. "गेला पैसा पान्यात," मागून कोणी तरी म्हणालं. बोका फाटकातून शांतपणे बघत होता. रात्रभर आम्ही टाक्या माळ्यावर ठेवून जागलो, आणि सकाळी पाहतो तर पाणी शेजारणीच्या अंगणापर्यंत येऊन थांबलेलं. घरात नाही. शेजारीण उंबरठ्यावर उभी राहून पाण्याकडे अशी पाहत होती जशी रुसलेल्या पाहुण्याकडे पाहतात. "आलं नाई वं आत," ती मला म्हणाली. मग एकदम रडायलाच लागली. मी तिला हसून राहिले होते आणि माझेही डोळे वाहून राहिले होते.

पण पूर उतरला तेव्हा बगीचा दिसला नाही, चिखल दिसला. पायऱ्यांवर घोट्याच्या वर गाळ. त्यात कोणाची तरी प्लास्टिकची खुर्ची, चपला, कापसाच्या पऱ्हाट्या आणि एक अख्खा कोहळा. पोरगी धावत आली, म्हणाली, वाळायच्या आत काढला पाहिजे, वाळला की दगड होतो. पालिकेची माणसं दुसऱ्या वस्त्यांत अडकली होती. मोहल्ल्यात जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. ते आपण सगळे कुठे गेले होते कोण जाणे. पोरीनं एकटीनं फावडं घेतलं. मी आणि शेजारीण गेलो तिच्यासोबत, तर दिवसभरात एक पायरी निघाली आणि आमच्या कमरा गेल्या. पुढारी येऊन म्हणाले, "वर्षावर्षाले हे कोन करन? याच्यापेक्षा मातीनं भरून टाकू, दुकानं काढू." पोरीचा चेहरा उतरला. मामाजींचा तर त्याहून. त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हातारा माणूस जेवला नाही की घर कसं होतं, तुम्हाला सांगायला नको. मला चिखलाचा, पुढाऱ्यांचा, साऱ्या मोहल्ल्याचा संताप आला होता.

सकाळी उठून पाहते तर मामाजी घरात नाहीत. आणि थोड्या वेळात गल्लीतून भोंगा लावलेला ऑटो आला. आतून ओळखीचा आवाज. "मायबाप रसिकहो! दिवाळी झाल्यावर पहिल्या शनिवारी, संध्याकाळी, आपल्या नदीकाठच्या नव्या बगीच्यात! राहून गेलेला तिसरा अंक! सगेसोयऱ्याइले बलवा!"

मी लाटणं घेऊनच बाहेर आले. "अवो मामाजी! तिथी चिखल हाय! नाटक कुठी करता, डोक्शावर?"

मामाजींनी ऑटोतून मान बाहेर काढली. "मले काऊन सांगून राह्यली? ज्याच्या घरी पाहुने येतीन त्याले सांग." आणि ऑटो पुढे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे नाटक जाहीर झालं म्हणजे पाहुणे आलेच. लेकी माहेरी येतात, जावई येतात, आणि नाटक पाहता पाहता सोयरिकी जुळतात. मुलगी पाहायला घरी जाणं वेगळं आणि नाटकात सहज दिसली, हे वेगळं. भोंगा फिरला की मग ते मागे घेता येत नाही. सरकार पडलं तरी चालेल, पण पाहुणे येऊन नाटक नाही, ही बेइज्जती आमच्या झाडीत कोणी सहन करत नाही. दुपारपर्यंत माझ्या नणंदेचा गडचांदूरहून फोन आला, "वहिनी, आमी साऱ्याच येतो." शेजारणीनं तर हातोहात पोंभुर्ण्याच्या एका स्थळाला निरोप धाडला, कारण तिची मुलगी लग्नाची होती. मग फोन ठेवून ती चिखलाकडे पाहत बसली. "माह्या पोरीले पाहाले येतीन आन् इथी डुकराचा गड्डा पाहतीन!"

दुसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीत फावडी, घमेली आणि शिव्या यांचा आवाज. शिव्या अर्थात मामाजींना. ते वरच्या पायरीवर बसून प्रत्येकाला विचारत, "तुमच्या घरी कोन येऊन राह्यले भाऊ?" आणि तो माणूस आणखी जोरात फावडं मारे. गाळ ओला होता, निघाला. अर्धा वरच्या झाडांना गेला, अर्धा बायकांनी परसात नेला. त्या वर्षी वांगी अशी आली म्हणता, वाटून वाटून थकलो. आणि आता दरवर्षी असंच होतं. पूर उतरला की ऑटो फिरतो.

राहिला प्रश्न नाटकाचा. संध्याकाळी लवकर संपवायचं होतं आणि मामाजींचे गुडघे तीन अंकांचे राहिले नव्हते. म्हणून त्यांनी पडद्याआधी माइकवर सांगितलं, "पयले दोन अंक झालेले हायेत. ज्यानं पाह्यले नाई त्यानं बाजूवाल्याले पुसा." लोकांनी खरंच विचारलं. पायऱ्यापायऱ्यांवर अशी कुजबुज झाली की नाटकापेक्षा तीच रंगली.

जमीनदाराच्या सुनेचं काम शेजारणीची मुलगी करत होती. पोंभुर्ण्याचे पाहुणे पहिल्या पायरीवर. आणि कोणी विसरलं तर वाक्यं पुढून सांगायला मी, ओट्यापुढच्या पाणी उतरायच्या नालीत बसायला मोडा टाकून. संहिता उधईनं, म्हणजे वाळवीनं, कधीच खाल्ली होती, पण मला ती पाठ होती. वीस वर्षांची न्हाणी होती ती! फक्त एक घोटाळा झाला. पडदा उघडताना मामाजींनी कानातली मशीन काढून माझ्या हातात दिली. "जमीनदाराच्या कानात मशीन शोभत नाई."

एंट्रीला टाळ्या पडल्या. मामाजी पुढे आले, फेटा, मिशा, मागे नदी. "कोणाच्या परवानगीनं उंबरठा ओलांडला?" टाळ्या. "या घरात शब्द चालतो तो माझा!" शिट्ट्या. शेजारणीची पोरगी पायाशी पडून अशी रडली की पाहुण्यांतल्या बाईनं पदर डोळ्याला लावला. आता ते वाक्य. मामाजींनी हात लांब केला.

आणि थांबले.

मला वाटलं, भाव खाऊन राहिले. थांबणं लांबलं. मी नालीतून हळूच सांगितलं, "चालती हो." काही नाही. जरा मोठ्यानं सांगितलं. मग आठवलं, मशीन तर माझ्या मुठीत! वीस वर्षं ज्या वाक्यासाठी हा माणूस जगला ते विसरला की काय? मग मी वर्गातला आवाज काढला, ज्या आवाजानं भामरागडची पोरं झाडावरून खाली उतरायची.

"चालती हो माझ्या घरातून!"

नदीपलीकडे गेलं असेल ते. समोरच्या माइकनं पकडलं ते वेगळंच. साऱ्या पायऱ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नणंदेनं तोंडावर पदर घेतला.

मामाजींनी हात खाली घेतला. ओट्याच्या कडेशी आले आणि वाकून नालीत पाहिलं, माझ्याकडे. "नाई म्हनत," ते म्हणाले. "एकडाव म्हटलं होतं म्या. तू खरंच चालली गेली वं. मंग पूर आला, पूल बुडला, आन् मले वाटलं आता हे काई वापस येत नाई. न्हानीत म्हनतो, तिथी म्हटल्यानं कोनी जात नाई. इथी नाई म्हनत."

लोकांना वाटलं नाटकच आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा स्वभाव असा की रडू आलं की मी चिडते.

"मंग बसा ना गुमान!" मी नालीतून ओरडले.

आणि ते बसले. ओट्याच्या कडेला, पाय माझ्या नालीत सोडून, एक मिशी लोंबती. इतका वेळ पडून राहिलेली शेजारणीची पोरगी सरकत आली आणि त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, मंग मी जाऊ का राहू?"

"राहाय वं बाई," मामाजी म्हणाले, आणि तिसरा अंक तिथे संपला. पोंभुर्ण्याचं स्थळ जुळलं, पण ते नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. न्हाणीघरातून नुसता पाण्याचा आवाज येत होता. एक तांब्या, दुसरा तांब्या, साबणाची वेळ झाली तरी काही नाही. मला करमेना. मी हाक मारली, "मामाजी, बरे हायेत ना?"

"हौ," आतून आवाज आला. थोडं थांबून पुन्हा, "तू हाय ना वं?"

"इथीच हाय," मी म्हटलं, आणि पोळी तव्यावर टाकली.